आईवर पेरलेलं जवस

माझा भाऊ देसिदेर चित्रकार आहे. हे सांगितलं की लोक विचारतात, कसली चित्रं काढतो? तिथं माझं डोकं उठतं. दर दोन-तीन वर्षांनी या प्रश्नाचं उत्तर बदलत आलंय आणि प्रत्येक नव्या उत्तराच्या पायी मला कुठे ना कुठे तासन्‌तास बसावं लागलंय.

सुरुवातीला तो दिसेल तसं काढायचा. आमची आई कोलेता तीस वर्षं गेंटच्या मासळीबाजारात वाम विकायची. देसिदेर चोविसाचा असताना त्यानं तिचं मोठं चित्र केलं. हिवाळाभर ती बाजारातून आली की मांडीवर टोपली घेऊन स्वयंपाकघरात बसायची आणि बसल्या बसल्या पेंगायची. चित्रात सगळं होतं. अंगठ्याच्या नखाची चीर, ओल्या एप्रनवरचा डाग, वामींच्या अंगावरची बुळबुळीत चकाकी, हनुवटीवरचा तीळ आणि त्यातला केससुद्धा. या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी, जसं आमचं स्वयंपाकघर हिवाळ्यात असतंच. प्रदर्शनात एक बाई त्या चित्रासमोरून जाताना झग्याची कड उचलून गेली, जमीन ओली असल्यासारखी. देसिदेरला पदक मिळालं. मला वाटलं, लागला मार्गाला. आता नगराध्यक्षांची, धर्मगुरूंची चित्रं काढेल, लग्न करेल.

दोन वर्षांनी तो उन्हात गेला. मला भर जुलैत परसातल्या कोबीच्या वाफ्यापाशी बसवलं आणि माझ्या गालावर जांभळा रंग दिला. म्हणे, सावली काळी नसतेच. मी म्हटलं, माझं बटणांचं दुकान अरुंद गल्लीत आहे, सावली कशी असते ते मला शिकवू नकोस.

मग तो ब्रसेल्सचं एक प्रदर्शन पाहून आला आणि ठिपके सुरू झाले. रंग पाटीवर कालवायचे नाहीत. निळा ठिपका, शेजारी नारिंगी ठिपका, ते मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांनी करायचं. मी विचारलं, ते काम माझ्या डोळ्यांनी का करायचं? चित्रकार तू आहेस ना? तो हसला नाही. हेच मला सर्वांत जास्त खुपायचं. नवी रीत आली की जुनी नुसती जुनी व्हायची नाही, पाप व्हायची. माझा नवरा इवो म्हणायचा, सोडून दे. इवोला कुठं बसावं लागत होतं?

फेब्रुवारीत आई गेली. चार दिवस ताप, आणि संपलं. तिचा एकही फोटो नव्हता. परक्या माणसापुढं ताठ बसणं तिला जमायचं नाही. दफनाहून परतल्यावर कॉफी घेताना मी देसिदेरला म्हटलं, आईचं चित्र इथं आणून दे, दुकानात लावते. तो हो म्हणाला. पुढच्या रविवारी जेवायला आला तेव्हा म्हणाला, ते इतर चित्रांच्या मागं अडकलंय. त्याच्या पुढच्या रविवारी चौकट सैल झाली होती. तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही.

मग मीच गेले. नदीकाठी पिंपं बनवणाऱ्याच्या वर त्याची खोली आहे. चित्र टेकवायच्या लाकडी घोड्यावर एक भलंमोठं चित्र होतं, फुलावर आलेलं जवसाचं शेत, निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांचं. दोन महिन्यांनी ते ब्रसेल्सच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

"आईचं चित्र कुठाय?" मी विचारलं.

त्यानं जवसाकडं बोट दाखवलं. "खाली आहे."

मी वाकून घोड्याखाली पाहिलं. तिथं चिंध्या होत्या.

"तिथं नाही, लिविना," तो म्हणाला. "जवसाच्या खाली."

मी हळूहळू सरळ झाले. तो घाईघाईनं बोलायला लागला. कापड उत्तम होतं, एवढं मोठं पुन्हा मिळालं नसतं. आणि ते चित्र खोटं होतं, तपकिरी रस्सा नुसता. आई काय तशी तपकिरी होती? मी म्हटलं, आई आता कशीच नाहीये. मग तो म्हणाला, मी पुन्हा काढतो तिला.

पाच आठवडे मी आईची शाल पांघरून बसले, कारण तिची-माझी जिवणी सारखी आहे. दुकान इवोवर टाकलं. त्यानं काळी बटणं आणि गर्द निळी बटणं एकाच डब्यात ओतून ठेवली. पाच आठवड्यांनी कॅनव्हासवर ठिपक्यांची एक बाई बसली होती. ती कुणीही असू शकली असती. मी विचारलं, तीळ कुठाय? तो म्हणाला, एवढ्या अंतरावरून तीळ दिसत नाही.

"तिला रोज पापा देणाऱ्यानं तिला एवढ्या अंतरावरून कधी पाहिलं?"

त्यानं कुंचला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं कुठूनतरी तपकिरी रंगाची जुनी नळी शोधून काढली आणि पूर्वीसारखा हात काढायला बसला. मी मान वळवून बघत होते. चार बोटं झाली, ती त्यानं पुसली. पुन्हा काढली, पुन्हा पुसली.

"जमत नाही गं आता," तो म्हणाला.

तो नाही म्हणाला असता तरी मी इतकी चिडले नसते. ज्या गोष्टीसाठी पदक मिळालं तीच विसरून बसलेला माणूस. त्याच्यावर ओरडून तरी काय होणार होतं?

पुढच्या सोमवारी तो प्रदर्शनातली जागा ठरवायला ब्रसेल्सला गेला. त्याचे कपडे मी धुते, त्यामुळं किल्ली माझ्याकडं असते. मी धुण्याचा कडक सोडा, स्पिरिटची बाटली आणि लोणी लावायची बोथट सुरी घेऊन गेले. जवसाच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, जिथं टोपली होती. आधी जवसाची फुलं चिंधीवर आली. मग पांढरा थर निघाला. दुपारपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली, आणि मग तपकिरी दिसलं. ते तपकिरी बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. चीर पडलेलं नख आलं, अंगठा आला, एका वामीचं डोकं आलं. बास. वरचं सगळं त्यानं दगडानं घासून काढून मग पांढरा थर दिला होता. तरी मी चेहऱ्याच्या जागी सुरी चालवली. तिथं कोरं कापड होतं. मी तिथल्याच स्टुलावर बसून राहिले.

बुधवारी तो येणार होता, म्हणून मी बुधवारी तिथं हजर राहिले. तो दारात उभा राहून बराच वेळ चित्राकडं बघत होता. आरडाओरडा करेल असं मला वाटलं होतं, किंबहुना करावा असंच वाटत होतं.

"आईनंच सांगितलं होतं मला ते पुसायला," तो म्हणाला. "वामी द्यायला आली होती. म्हणाली, ही म्हातारी काढून टाक, घरी आले तरी मला मासळीचा वास येतो. काहीतरी बघावंसं वाटेल असं काढ. जवस तिनंच सांगितलं. तिच्या माहेरी होतं म्हणे."

"खोटं बोलतोस."

"झुल्माला विचार."

झुल्मा म्हणजे बाजारात आईच्या शेजारी बसणारी. मी तशीच उठून गेले. ती एका वामीची कातडी सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही. म्हणाली, कोलेता त्या पोराचं मन राखायला काहीही बोलायची. म्हणाली असेल. नसेलही. एवढ्यासाठी मी बाजार ओलांडून गेले होते. वर नको असलेली वाम घेऊन घरी आले.

दोन महिने देसिदेर फिरकला नाही. ब्रसेल्सला त्यानं नदीचं दुसरं लहान चित्र पाठवलं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की या नदीला गोवर झालाय. जवसाचं शेत दुरुस्त होईना. अंगठ्याभोवती ठिपके दिले की ठिगळ लावल्यासारखं दिसायचं. एका रविवारी तो ते पाठीवर घेऊन आला, भिंतीला टेकवलं आणि काही न बोलता जेवायला बसला. मी त्याला सशाच्या मटणाचा मोठा तुकडा वाढला. ते चित्र आता माझ्या गल्ल्याच्या वर आहे. गिऱ्हाइकं विचारतात, शेतात हा अंगठा कुणाचा? मी म्हणते, आमच्या आईचा. मग ती आणखी विचारतात आणि मी त्यांना बटणं दाखवते.

आई तसं म्हणाली होती का, हे मला अजून माहीत नाही. म्हणाली असेल तर तिचाही मला राग येतो. तिला ती चित्रातली म्हातारी नको होती म्हणून काय झालं? मला हवी होती.

आता ठिपकेही गेले. ठिपके म्हणजे शिवणकाम, असं तो परवा मला, माझ्याच दुकानात उभा राहून म्हणाला. आता रंग सपाट द्यायचा, आख्खाच्या आख्खा, आणि गवत लाल वाटलं तर लाल द्यायचं. बोलता बोलता त्याची नजर गल्ल्याच्या वर गेली. कापड अजून चांगलं आहे, म्हणाला.

मी कात्री उचलली. तो इतका हसला की खोकला लागला. मग त्यानं विचारलं, या महिन्यात चार दुपारी बसशील का, तुझ्याइतकं स्वस्थ कुणी बसत नाही. मी सांगितलं, तोंड हिरवं काढलंस तर पुन्हा जेवायला येऊ नकोस.

त्यानं हिरवंच काढलं. रविवारी आला, दोनदा सूप मागून घेतलं, आणि मी वाढलं.