मटकीचे मोड

डी.एड.च्या पाठ टाचणात मुलांची उत्तरंही आपणच लिहायची असतात, मुलांनी तोंड उघडायच्या आधी! मी लिहिलं होतं: बी रुजायला पाणी, हवा आणि ऊन लागतं. कॉलेजच्या मॅडमनी तपासून सही केली होती.

राजापेठेतल्या शाळेत मी पाठ घेत होते आणि मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. चौथीतल्या समीक्षानं हात वर केला.

"बाई, ऊन कावून? आमची आई मटकी फडक्यात बांधून डब्यात ठेवते. अंधारातच मोड येतात."

शेतकऱ्याची लेक मी, आणि मला हे सुचू नये! "बरोबर आहे तुझं," म्हणत मी फळ्यावरचं ऊन पुसलं.

मॅडमनी शेरा मारला: अपेक्षित उत्तर आले नाही. पाठ पुन्हा घ्यावा.

"पण मॅडम, पोरगी खरं बोलली!"

"टाचणात आहे का ते?"

माझं डोकंच फिरलं. तरी मधल्या सुट्टीत मीच समीक्षाकडून टाचणातलं वाक्य घोकून घेतलं. दुसऱ्या वेळी तिनं ते खणखणीत म्हटलं. मॅडमनी 'उत्तम' लिहिलं.

शाळा सुटल्यावर ती धावत माझ्याकडे आली.

"बाई, मंग आईले सांगू काय, मटकी उनात ठेव म्हणून?"