रबराच्या जागी लाकूड

सासरे सुतार आणि सून वेल्डर, त्यामुळे त्या घरातली मोडकी वस्तू दुरुस्तीला बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता. खुर्चीचा पाय सासऱ्यांकडे, फाटकाची बिजागरी सुनेकडे. फक्त आपल्या जुन्या गाडीला सासरे कुणाला हात लावू देत नसत. खड्ड्यातून गेली की ती खालून ठकठक वाजायची, आणि हल्ली तर एका बाजूला कललीही होती.

दुसऱ्या दिवशी गाडीची सरकारी तपासणी होती. नापास झाली की गाडी भंगारात. गाडी गेली की लाकूड आणणं बंद, म्हणजे सासऱ्यांचं कामच बंद. सुनेच्या नवऱ्याला तेच हवं होतं.

"अगं, तू नुसतं खाली बघ आणि सांग की गाडी संपली," तो सकाळी कामावर निघताना अंगणात तिला म्हणाला. "माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. या वयात किती राबायचं त्यांनी?"

त्याच्या बोलण्यात माया होती, हीच तर पंचाईत. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तेवढ्यात सासरे बाहेर आले आणि त्यांनी चक्क गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "बघ जरा, पोरी." तिला नवलच वाटलं.

जॅकवर गाडी चढवून ती खाली सरकली आणि पडल्या पडल्या हसत सुटली. गाडीची बॉडी खालच्या लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे चासीवर, जिथे बोल्टने बसवतात, तिथे मधे रबराचे जाड बुश असतात. इथे एकही रबर नव्हतं. प्रत्येक ठिकाणी लाकडाचा गोल गुटका, कडा घासलेला, तेल पाजून चमकवलेला. शोकेसमध्ये ठेवावा असा.

"बाबा, हे कुणी केलं?"

"का? छान आहेत ना?" चाकाशेजारी सासऱ्यांच्या चपला ऐटीत उभ्या होत्या. "तेव्हा रबर मिळेना. म्हटलं, लाकूड काय वाईट आहे?"

लाकूड वाईट नव्हतंच. पण ते पावसात फुगायचं, बोल्टला ताणायचं, गंजवायचं, आणि धक्का तर मुळीच सोसायचं नाही. शेवटी पुढच्या एका बोल्टने मान टाकली होती आणि त्याचं तुटलेलं टोक चासीतल्या नटात रुतून बसलं होतं. तिने हातोडीने चासी ठोकत ठोकत पाहिली. सगळीकडून खणखणीत आवाज आला. आता गाडी संपली असं म्हणायला तिची जीभ रेटेना.

"गाडी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "बाद आहेत ते तुमचे गुटके."

झालं! सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग राहू दे गाडी!" म्हणून ते तरातरा आत गेले. पण खिडकीत उभं राहून बघत होते, हे तिला खालूनही दिसत होतं.

तिने तुटक्या टोकावर एक नट वेल्ड केला, लाल होऊ दिला, निवू दिला, मग पाना लावून हळूहळू फिरवला. आधी ढिम्म. मग किर्रर्र करत तुकडा बाहेर आला.

"काढलास की गं!" सासरे रुसवा विसरून धावत आले.

पण गाडं पुढे अडलं. दुकानात मिळाले ते बुश दुसऱ्या गाडीचे, किंचित जाड. पातं लावलं की रबर वाकायचं, कापलं जाईना.

"कडक करता येतं का हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"गार केलं तर..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जरा वेळाने सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "बर्फ काढायला गेले तर फ्रीजरमध्ये ही टायरं! आता गाडीच का ठेवत नाही आत?"

गोठलेले बुश सासऱ्यांनी आपल्या लाकूड कातायच्या लेथवर असे तासले की सून बघतच राहिली. संध्याकाळी नवरा घरी आला तर गाडीखालून चार पाय बाहेर आणि आतून खिदळणं. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी तपासनिसाने वाकून बुश दाबून पाहिले. "कुठल्या कंपनीचे?"

"घरचे," सासरे छाती फुगवून म्हणाले. तपासनिसाने पुन्हा एकदा दाबून पाहिले आणि शिक्का मारला. सुनेचा जीव भांड्यात पडला.

परतताना गाडी खड्ड्यातून गेली. काहीच वाजलं नाही. सासरे म्हणाले, "काल अंगणात तो तुला काय सांगत होता, ते मी दाराआडून ऐकलं होतं."

ती एकदम ताठ बसली. "आणि तरी मला किल्ली दिलीत?"

"ऐकलं म्हणूनच दिली. गाडी खरंच संपली असती, तर तुझ्या तोंडून ऐकून घेतलं असतं. दुसऱ्या कुणाच्या नसतं."

तिचे डोळे भरून आले. तिने काच खाली केली. सासऱ्यांनी गाडी लाकडाच्या वखारीकडे वळवली.