खोली चार पाहा

"झालं समजा," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

ऑफिसात तिचं टोपणनावच 'झालंसमजा' पडलं होतं. काम कितीही अडलेलं असो, आधी हे दोन शब्द टाकायचे आणि मग ते खरे करून दाखवायचे, ही तिची रीत. आज अडलं होतं वृद्धाश्रमाचं काम. तिथल्या नर्सला टॅबलेटवर प्रत्येक आजी-आजोबांचं पान दिसायला हवं होतं: खोली, औषधं, जवळची व्यक्ती. त्यासाठी सर्व्हरवरची माहिती आधी साध्या मजकुरात उतरवून पाठवायची. पण उतरवता उतरवताच प्रोग्राम कोलमडत होता.

कारण दिसलं तेव्हा तिला हसूच आलं. घोळ सगळ्यांच्याच नोंदींत होता, पण प्रोग्राम पहिला अडकला तो तिच्या घरच्यांत. खोली चारमध्ये तिच्या सासूबाई. नवरा कायम फिरतीवर, म्हणून त्यांची जवळची व्यक्ती सून, म्हणजे ती स्वतः. सून कोणाची नातेवाईक, तर सासूची. सासूची जवळची कोण, तर सून. बिचारा प्रोग्राम सासूकडून सुनेकडे आणि सुनेकडून सासूकडे हेलपाटे मारून मारून शेवटी हात टेकत होता.

"सासू-सुनेत सापडलेला आणखी काय करणार!" शेजारचा सहकारी म्हणाला.

तिने एक छोटा नियम घातला: एकदा येऊन गेलेलं माणूस पुन्हा आलं, की सोडून द्यायचं. पानं झरझर उमटली. खोली चारचं पान तिने स्वतः उघडून पाहिलं, चोख होतं. खोली सातमध्ये तिची आई राहायची. ते पान उघडायचं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घराबाहेर पडतेय तोच नर्सचा फोन आला. "तुमच्या आईंना चक्कर आली होती. आता बऱ्या आहेत, पण तुम्ही या."

ती पोचली तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासूबाई शेजारी खुर्चीत, काठी मांडीवर आडवी.

"आई, काय होतंय गं?"

आईने पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत.

"रुसल्यात विहीणबाई. त्या पडल्या, नर्सनं पान उघडलं, तर जवळची व्यक्ती कोरी! ती यांनाच विचारतेय, आजी, तुमचं कुणी नाही का?"

"माझ्या पानावर कुणी नाही," आई भिंतीला म्हणाली. "यांच्या पानावर आहे ना ती. अगदी नंबरासकट."

तिला कालचा नियम आठवला. सासूबाईंच्या पानावर ती येऊन गेली होती. मग आईच्या पानाची वेळ आली तेव्हा तिच्याच नियमाने तिला सोडून दिलं. इथे तर हेलपाटेही नव्हते. एकच माणूस दोघींचं होतं, एवढंच.

"मग मला फोन कसा आला?"

"मी काठी आपटली," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, अगं, यांचं-माझं माणूस एकच. खोली चारचं पान उघड आणि तिथला नंबर लाव."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. हा उपाय तिला चांगला ठाऊक होता, नवख्या पोरांना तिनेच शिकवला होता: माणूस पुन्हा आलं तर गाळायचं नाही, ते आधी कुठे लिहिलंय तो पत्ता लिहायचा. काल घाईघाईत तिने तेवढे कष्ट वाचवले होते. तिला लाज वाटली. पण डोळे पुसत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"संध्याकाळच्या आत तुझ्या पानावर येते, आई. झालं समजा."

दुपारीच आली. आईच्या पानावर उमटलं: 'जवळची व्यक्ती: खोली चार पाहा.' त्यावर बोट ठेवलं की फोन थेट तिला लागायचा. हेलपाटे थांबले होते आणि कोणी गळतही नव्हतं.

आईला ते पटलं नाही. "म्हणजे माझ्या लेकीकडे जायचं तर यांच्या दारावरून?"

"या की," सासूबाई म्हणाल्या. "दार काही बंद नसतं."

आई कुरकुरत गेली. मग रोज चार वाजता जाऊ लागली. खिडकीशी बसून दोघी तिच्या चुका काढायच्या, आणि त्या बाबतीत दोघींचं अगदी एकमत असायचं.

थंडी सरता सरता सासूबाई गेल्या, झोपेतच. नर्सने खोली चारची नोंद यादीतून काढली. प्रोग्रामला हातही लावावा लागला नाही. यादीत लेक आता पहिल्यांदा आईकडेच भेटत होती, म्हणून तिचं नाव, नातं आणि नंबर तिथे आपोआप उमटले. तिने लिहिलंच होतं तसं. आपलं काम इतकं चोख झाल्याचं तिला त्या दिवशी वाईट वाटलं.

नर्सने टॅबलेट आईपुढे धरला. "बघा आजी, आता लेक तुमच्याच पानावर!"

आईने चष्मा लावला आणि ओळीवरून बोट फिरवत सगळं नीट वाचलं. मग टॅबलेट परत दिला.

"आधीचंच बरं होतं," ती म्हणाली. चार वाजले होते. सवयीने ती उठली, दारापर्यंत गेली आणि चौकट धरून उभी राहिली.