अजून जन्माला यायचे एकोणीस जण

मोडनिंबच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, त्या शनिवारी अकरा वाजेपर्यंत मोतीबिंदूचे एकवीस रुग्ण निघाले. त्यांतले संगणकाच्या मते दोघेच जन्मलेले होते. उरलेल्या एकोणीस जणांच्या नावापुढं लाल अक्षरांत एकच ओळ: जन्मतारीख भविष्यातली, नोंद होणार नाही.

मी या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. शिबिरात माझ्याकडं रांग सरळ ठेवण्याचं काम होतं. पस्तीस वर्षांत पोरांची राहिली नाही, ती म्हाताऱ्यांची कुठून राहणार! रंभाबाई तर रांग सोडून थेट टेबलावर जाऊन आदळली. तिला ना रांग दिसली, ना टेबल.

तिचा डावा डोळा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता गेला होता. उजव्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी सकाळीच स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, फार पिकलाय. आता थांबलात तर आत दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही." सोलापूरच्या दवाखान्याची बस चारला निघणार होती. टोकन असेल त्यालाच बसमध्ये जागा, आणि टोकन संगणक देणार. पुढचं शिबिर वर्षानं.

"वैनी, तुमचा अजून जलमच झाल्याला न्हाय," तिचा दीर धोंडीराम पडद्यावर वाकून म्हणाला. "दोन हजार अठ्ठ्याऐंशीला येनार हाय म्हनं तुमी."

"मग तुमच्या भावासंगं पन्नास वर्सं नांदली ती कोन? आन तुमी कवा येनार?"

"मी एक्क्याण्णवला."

"मंजी तवाबी धाकलंच की!" रंभाबाई हसली. पण हात टेबलाची कड सोडत नव्हता.

टेबलामागं दवाखान्याची सुकन्या बसली होती. नोंदणीची संगणक-प्रणाली नवी कोरी, या शिबिरात पहिल्यांदाच वापरात आलेली. सुकन्यानं ती बनवणाऱ्या राजसला पुण्यात फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"सिस्टिम बरोबर आहे," राजस म्हणाला. "तुमचा डेटाच खोटा दिसतोय. एकोणिसातल्या अठरा जणांची जन्मतारीख एक जून? ऑपरेटरनं एकच तारीख खालपर्यंत ओढत नेलीय."

सुकन्याचा चेहरा लाल झाला. "मी एकेकाचं आधार बघून भरलंय!"

"बाळा, ती तारीख तिनं नाही ओढली," मी मध्ये पडलो. "आम्ही मास्तरांनी ओढली."

मग त्याला सांगावं लागलं. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा, जन्म विचारला की म्हणायचा, ‘म्हस व्याली त्या साली.’ मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे. कान हाताला लागला, की सहा वर्षं पुरी. सहा वजा करायचे आणि लिहायचं, एक जून. दुसरीत शाळा सोडलेल्या रंभाबाईला शाळेनं दिलेलं एवढंच टिकलं. माझीही तारीख तीच.

"ठीक आहे काका, पण आज काही होणार नाही. सोमवारी बघतो." फोन बंद.

"पोरी, एकाहत्तर साल टाक की," धोंडीरामनं तोड काढली. सुकन्यानं टाकून पाहिलं. संगणकानं मुकाट घेतलं! व्हरांड्यात आनंदीआनंद झाला. पण तिनं लगेच ते पुसलं. "दवाखान्याच्या दारात आधार तपासतात, काका. तिथून आजींना परत पाठवलं, तर मी काय तोंड दाखवू?"

मी मात्र तिथंच अडकलो. एकाहत्तर चालतं, रंभाबाईचं खरं साल बावन्न चालत नाही. जे दोघे जन्मलेले निघाले, तेही सत्तरनंतरचेच होते. हजेरीपटानं मला एक शिकवलंय: खोटं बोलणारं पोर रोज नवं कारण सांगतं. रोज तेच कारण सांगणाऱ्याला खरोखरच काहीतरी झालेलं असतं. मी कागदावर दोन रकाने आखले. डावीकडं खरी तारीख, उजवीकडं संगणकाची. उजवीकडं अठराच्या अठरा वेळा सात जुलै उतरली. साल तेवढं वेगळं.

एकोणिसावी चंद्रव्वा. अक्कलकोटकडून लेकीकडं आलेली. तिचा बाप तलाठ्याकडं कामाला, त्यामुळं तिला स्वतःची तारीख होती: चौदा नोव्हेंबर एकसष्ट. संगणकानं तिला वीस डिसेंबर दोन हजार सत्त्याण्णवला जन्म दिला होता. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. एकशे छत्तीस वर्षं आणि छत्तीस दिवस. मग रंभाबाईचं, मग उरलेल्यांचं मोजलं. तेवढंच.

अडीच वाजले होते. राजसनं चौथ्या खेपेला फोन उचलला.

"एकशे छत्तीस वर्षं, छत्तीस दिवस," मी नमस्कारही न करता सांगितलं. "एकोणीसच्या एकोणीस जणांच्या तारखेत तेवढाच फरक. एक दिवस इकडं नाही की तिकडं."

पलीकडं बटणांची टकटक.

"काका... हे सेकंदांत मांडलं, तर चारशे एकोणतीस कोटींच्या वर जातात."

"मग?"

"तारीख साठवायच्या आमच्या खणात बरोब्बर तेवढेच मावतात." त्याचा आवाज उतरला होता. "मशीन एक जानेवारी सत्तरला शून्य धरून सेकंद मोजतं. त्याआधी जन्मलेला माणूस वजामध्ये जातो. आणि वजाची सोयच आम्ही ठेवली नाही. शून्याच्या मागं गेलं, की ते थेट दुसऱ्या टोकाला, सगळ्यात मोठ्या आकड्यांवर पोचतं."

"स्कूटरचं मीटर शून्यावरनं उलटं फिरवलं की सगळे नऊ येतात, तसं?"

"हो, तसंच."

"आणि हे कुणी तपासलं नाही?"

"तपासलं ना. आमच्याच जन्मतारखा घालून." तो म्हणाला, "ऑफिसात सगळ्यात म्हातारा मी. सत्त्याण्णवचा."

व्हरांडा खदखदून हसला. धोंडीराम फोनवर ओरडला, "मोतीबिंदू काय बारशात हुतोय व्हय रं?"

"चुकलं आजोबा. तासभर द्या मला."

साडेतीन झाले. पावणेचार झाले. चालकानं हॉर्न वाजवला, तसा मी बसच्या दारात जाऊन उभा राहिलो. हाकलायला मुख्याध्यापक जड जातो, निवृत्त असला तरी. शाळेत रंभाबाई टेबलाशीच बसून होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

चारला आठ कमी असताना सुकन्यानं पुन्हा बटण दाबलं. लाल ओळ गेली. १ जून १९५२. टोकन क्रमांक तीन.

"झाला का जलम?" रंभाबाईनं विचारलं.

"झाला, आजी."

"मग उचला मला. मला पायरी दिसत न्हाय."

एकोणिसांची टोकनं निघायला सव्वाचार झाले. बस गेली तेव्हा खिडकीतून एकही हात हलला नाही. त्यांना आम्ही कुठं उभे आहोत ते दिसत नव्हतं.

दहाव्या दिवशी काळा चष्मा लावून रंभाबाई माझ्या दारात आली. मागं धोंडीराम. तिनं चष्मा कपाळावर सारला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"गुर्जी, तुमीच व्हय ह्ये? आवाजावरनं मला लई तरनं वाटायचं."

"दवाखान्यानं जास्तच नीट केलेलं दिसतंय," मी म्हणालो.

चहा झाला. निघताना धोंडीरामनं सवयीनं हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला, तीनही पायऱ्या एकेक करून बघितल्या, आणि उतरली.