बकुळ क्रमांक चौदा

डांबराच्या पिंपाला छिन्नीने पाडलेली भोकं. त्यातल्या एकातून बाहेर आलेलं एक पान, त्रिकोणी, कडेला दातेरी.

डब्यात साठवलेला चहाचा चोथा, चार महिन्यांचा.

सूचना : संघाच्या झाडांना म्हशी बांधू नयेत. – सचिव.

कुमुदच्या कपाटातली कोरी शाल, पाहुण्यांसाठी.

गंगूचं हसणं.

हसणं मोठं नव्हतंच, म्हणून तर ते सकाळपासून कमलाकरच्या कानात राहिलं होतं. गंगू कर्नाळ्याकडच्या वाडीवरून गवत कापायला येते. संध्याकाळच्या समारंभासाठी सेक्टरातल्या रहिवाशांच्या संघाने तिला बोलावलं होतं. ती विळा चालवत चौदा नंबरच्या रोपाभोवतीच्या पिंपापर्यंत आली आणि विळा पिंपात घालणार इतक्यात तो ओरडला की ते नको, ती बकुळ आहे. गंगूने पानाकडे पाहिलं, मग पिंपावरच्या पाटीकडे – तिला वाचता येत नाही – आणि मग त्याच्याकडे, आणि हसली.

“बकुल नाय सायेब. रानमोडी हाय ही. आमच्या वाडीवर कुडाला लागून येते, उपटून उपटून हात दुखतात.”

कोणाला सांगू नकोस, तो म्हणाला होता. सचिव असून म्हणाला होता.

“मला कोन इचारतंय?” म्हणून ती पुढच्या गवताला लागली होती.

आता तीन वाजले होते. पाच वाजता नवीन पनवेलच्या या एवढ्याशा सेक्टरात सर्वोत्तम जोपासलेल्या झाडाचं बक्षीस द्यायला प्रमुख पाहुणे येणार, आणि ते निवृत्त वनाधिकारी. त्यांना बोलावण्याची कल्पना कोणाची? माझीच. ठराव मी मांडला, अनुमोदन मीच मिळवलं... संघाचे अध्यक्ष प्रभाकर, शिंप्याची टेप घेऊन, दर पंधरवड्याला सगळी झाडं मोजतात; बाकीच्यांची गुडघ्याला आणि कमलाकरची चौदा नंबर चार फूट दोन इंच. बकुळ इतकी वाढते का हो, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं, आणि कमलाकरने चहाच्या चोथ्यावर वीस मिनिटं व्याख्यान दिलं होतं, गच्चीत, सगळ्या सभासदांसमोर – त्यानंतर सेक्टरातलं एकही घर चोथा टाकत नव्हतं.

बकुळ त्याला माहीत होती ती दोऱ्यात ओवलेली, गिरगावात, देवळाबाहेरच्या टोपलीतली. झाड कधी पाहिलं होतं? दोन खोल्या आणि सामायिक नळ यांत सदतीस वर्षं काढल्यावर माणूस इथे येतो, खाडीकडचा वारा खातो, एक खड्डा खणतो, आणि त्याला वाटतं की आता आपण इथले – त्या खड्ड्याच्या जोरावर तो दुसऱ्यांना सूचना लावायला लागतो. आणि मुळात खड्ड्यात भलतंच काही.

तेव्हा उपटायचं. चोरीला गेली म्हणायचं. बकुळीचे चोर असतातच.

“आज तुमच्या लेकीचा सत्कार ना?” तो दारातून बाहेर पडताना बायकोने, कुमुदने, बकुळीबद्दल विचारलं होतं, शालीची घडी मोडून परत घालत. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ते काय, हे पाहायला त्याला वेळ नव्हता.

त्याने पिंपात हात घातला. बुंधा धरला, ओढला. बुंधा हिरवा, लवदार, हट्टी. आणखी ओढला – आणि पत्र्याची कड अंगठ्यात गेली.

“काय कमलाकर, वेणीफणी चाललीय का?” मागे प्रभाकर, गळ्यात टेप.

“माती भुसभुशीत करतोय.”

“रक्त येतंय तुमचं.”

“येतं थोडं.”

यावर प्रभाकर खूप हेलावले. सचिव असावा तर असा, हे आपण भाषणात सांगणार असं म्हणून ते खुर्च्या मोजायला गेले.

गवताचा भारा डोक्यावर घेऊन जाणारी गंगू थांबली. तिने भोकातून आलेलं ते एक पान तोडलं, तळव्यावर चोळलं आणि त्याला अंगठ्यावर दाबून धरायला दिलं. उग्र, कच्चा वास. झोंबलं. मग, मिनिटभराने, रक्त थांबलं... चक्क थांबलं. चार महिने पाणी घातलं ते हिला. बकुळ असती तर काय केलं असतं तिने, अजून गुडघ्याएवढी?

कोपऱ्यावर जीप वळली, वेळेच्या बऱ्याच आधी. पाहुण्यांनी विचारलं तर सांगेन, असं त्याला वाटलं. न विचारताही सांगेन कदाचित. पाटीवरचं ‘बकुळ’ त्याने हिरव्या अंगठ्याने झाकलं, मग अंगठा काढला, मग पुन्हा... आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला हसू येऊ लागलं, गंगूसारखं, मोठं नसलेलं.

जुलैत, रोप लावल्याच्या नवव्या दिवशी, पिंप बसायच्या आधी, बकरीने बकुळ मुळापर्यंत खाल्ली तेव्हा कुमुद गॅलरीत उभी राहून पाहत होती.