अर्धा स्पंज

नळाखाली धरलेला स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत थोरल्यानं पिळला, माशांच्या टाकीतल्या फिल्टरमध्ये परत बसवला आणि हात पुसत म्हणाला,

"आता बघ, कशी लख्ख दिसतेय."

त्याची बायको टाकीकडेच बघत होती. वडिलांचा म्हातारा गोल्डफिश वर येऊन हवा गिळत होता.

"सगळं पाणी बदललंत?"

"सगळं. थेट नळाचं, ताजं."

"कमाल आहे तुमची. बाबांनी कधी पाव टाकीच्या वर पाणी बदललं होतं? स्पंज नळाखाली धरला होता? त्या चिकट घाणीमुळेच पाणी माशाला मानवतं, सांगून सांगून त्यांचा घसा बसला. तुमच्या डोक्यात शिरेल तर शपथ."

थोरल्यानं बोटानं काच वाजवली. मासा हललासुद्धा नाही. नुसते कल्ले भराभर उघडमीट करत होते.

"खालून जुनं पाणी आणते," म्हणत तिनं बादली उचलली.

खाली धाकटा भाऊ राहायचा. वाटण्यांच्या वेळी त्यानं ही टाकी मागितली होती, थोरल्यानं सोडली नाही. मग निदान माझ्या नव्या टाकीसाठी अर्धा स्पंज दे, म्हणाला. थोरल्यानं कात्रीनं कापून तो त्याच्या अंगावर फेकला होता. घे, घाणीतला वाटा. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"त्याच्या दारात जायचं नाही."

"मग मरू द्या. बाबांचा एवढा एक जीव उरलाय घरात, तोही जाऊ दे. तुमची अकड तेवढी सांभाळा."

ती गेलीच. परत आली तेव्हा भरलेली बादली धाकट्याच्या हातात होती. टाकी बघून त्याचा चेहरा लाल झाला.

"अक्कल गहाण टाकली होतीस का?"

धाकट्यानं जाळीनं मासा अलगद बादलीत घेतला.

"तुझं पाणी त्याला मानवण्याजोगं होईपर्यंत हा खाली राहील."

नको म्हणायला थोरल्यानं तोंड उघडलं, आणि मग बादलीची कडी दुसऱ्या बाजूनं धरली.

"एकटा सांडशील," तो गुरकावला.

धाकट्याच्या टाकीत कोपऱ्यात तो अर्धा स्पंज होता. काळपट, कात्रीची वेडीवाकडी कड अजून तशीच. मासा पाण्यात सुटला, जरा घुटमळला, मग तळाशी गेला.

"किती घाण ठेवलीयस," थोरला चिडून म्हणाला आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसला.