कळपात सगळ्यांत मागे

आमचा मुलगा डायनासोर आहे. म्हणजे नोकरीच ती. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की मी सरळ हेच सांगते आणि त्यांचं तोंड बघत बसते. मग उलगडून सांगावं लागतं. मोठ्या सिनेमांत ते प्रचंड प्राणी धावतात, डरकाळ्या फोडतात, माणसं गिळतात, ते सगळे कॉम्प्युटरवर होतात. पण त्यांची चाल आणायची कुठून? मग आमच्या पोरासारख्या माणसाला घट्ट काळे कपडे घालतात, त्यावर जागोजागी पांढऱ्या गोट्या चिकटवतात आणि मोकळ्या हॉलमध्ये चालायला लावतात. भोवतीचे कॅमेरे त्या गोट्या टिपतात आणि तीच चाल त्या जनावराला देतात. हा चालला की डायनासोर चालतो, हा धडपडला की डायनासोर धडपडतो. एवढं शिकवलं आणि पोरगा शेवटी जनावर झाला, असं मी तेव्हा म्हटलं होतं. ह्यांना मात्र भारी कौतुक. "चालायला मीच शिकवलंय त्याला," म्हणायचे.

ते खोटं नव्हतं. हे शाळेत पीटीचे सर. खांदे मागे, मान ताठ, पाय उचलून टाका, हे बोलणं आमच्या घराच्या भिंतींना पाठ आहे. पोरगा लहान असताना चपला घासत आला, तर त्याला दारातून परत पाठवायचे आणि नीट चालत यायला लावायचे. रस्त्यात ह्यांना बघून मोठी माणसंसुद्धा पोटं आत घ्यायची.

आणि मग ह्यांना झटका आला. वाचा शाबूत राहिली, डोकं शाबूत राहिलं, डावी बाजू तेवढी गेली. पुढे व्यायाम करून चालायला लागले, पण ते चालणं म्हणजे उजवा पाय पुढे, मग डावा पाय बाहेरून अर्धा गोल फिरवून, बोटं फरशीवर घासत आणायचा. डावा हात छातीशी दुमडलेला, मूठ आत वळलेली. एकदा हे दुकानापर्यंत गेले, तिथे शाळेतला जुना विद्यार्थी भेटला. त्याने वाकून नमस्कार केला आणि मग ह्यांच्या पायाकडे बघत राहिला. बस्स. घरी आले, बूट काढून ठेवले, आणि त्यानंतर उंबरठा ओलांडला नाही. डॉक्टर घरी यायचे, न्हावी घरी यायचा. मी गोडीत सांगितलं, रागावले, अबोला धरला. काही म्हणजे काही फरक नाही.

अशात पोराचा सिनेमा आला. पहिल्यांदाच त्याला मोठं काम मिळालं होतं. मला वाटलं, ह्या निमित्ताने तरी हलतील. तर पोरगा फोनवर म्हणतो, "आई, तुम्ही थिएटरला नका जाऊ. बाबांना आवाज सहन होणार नाही. टीव्हीवर येईल तेव्हा बघा."

"एरवी मागे लागतोस ना, बाबांना बाहेर काढ म्हणून?"

"ह्या वेळी नको, आई. ऐक माझं."

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, ह्याला बापाची लाज वाटायला लागली. कुणी ओळखीचं भेटेल आणि म्हणेल, हे तुझे वडील का. मी नाकावर राग घेऊन जन्मलेली बाई, मी हट्टालाच पेटले. लेकीकडून तिकिटं काढून घेतली आणि ह्यांना म्हटलं, तुम्ही येत नसाल तर मीही आज जेवत नाही. मग म्हणाले, "दिवे गेल्यावर आत जायचं. आणि सगळे गेल्याशिवाय उठायचं नाही." मी म्हटलं, कबूल.

बूट घालायलाच केवढा वेळ गेला. उजवा सरळ जातो, डावा पाय ऐकत नाही, बोटं आत दुमडतात. मी खाली बसून एकेक बोट सरळ केलं. लेकीने गाडी अगदी थिएटरच्या दारापर्यंत आणली. दिवे जाईपर्यंत आम्ही दाराच्या पडद्याआड उभे राहिलो, चोरी करायला आल्यासारखे, आणि अंधारात चाचपडत खुर्च्या गाठल्या. एका पायरीवर ह्यांचा तोल गेला, लेकीने सावरलं. एका बाजूला लेक, मध्ये मी, पलीकडे हे.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीला मला हसूच येत होतं. एवढे दात, एवढा आरडाओरडा, आणि पळणारी माणसं नेमकी पळता पळता मागे वळून बघणार. आपला पोरगा ह्यातला कुठला, असं मी लेकीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. मग ते सगळं शांत झालं आणि पडद्यावर दुष्काळ आला. भेगा पडलेली जमीन, आणि दोन पायांवर चालणाऱ्या गवतखाऊ प्राण्यांचा एक मोठा कळप पाण्याच्या शोधात निघालेला. एकेक जण पुढून जात होता. सगळे गेले. धूळ खाली बसली. आणि मग सगळ्यांत मागून एक म्हातारा आला.

उजवा पाय पुढे. डावा पाय बाहेरून अर्धा गोल. बोटं मातीत घासत. डावा पंजा छातीशी दुमडलेला, नखं आत वळलेली.

नाही नाही, म्हटलं, म्हातारं जनावर आहे, लंगडणारच. तेवढ्यात ते थांबलं आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी त्याने हनुवटी किंचित वर केली. हे तसंच करतात. खुर्चीतून उठताना, दारातून निघताना, हनुवटी वर करतात आणि मनात स्वतःला हुकूम दिल्यासारखे निघतात. जगात हे दुसरं कुणी करत नाही. लेकीने माझा दंड एवढा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, उठावं आणि त्याच्या मुस्काटात द्यावी. एवढ्या मोठ्या पडद्यावर, एवढ्या लोकांसमोर, माझा नवरा चालत होता आणि पोटच्या पोराने त्याला तिथे नेऊन उभं केलं होतं. मी हळूच ह्यांच्याकडे पाहिलं.

हे पुढे वाकून बघत होते. डोळे भरलेले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बिचारा. काय झालं असेल गं त्याच्या पायाला?"

ह्यांनी ओळखलंच नव्हतं.

आता सांगा, मी काय म्हणणार होते? आपली चाल आपल्याला कधी दिसते? आमच्या घरी आरसा आहे तो दाढीपुरता. हजारो पोरांची चाल ह्यांनी सुधारली, आणि स्वतःची कशी झालीये ते आमच्या सगळ्यांपेक्षा ह्यांनाच कमी ठाऊक होतं. मी म्हटलं, "लागलं असेल काहीतरी."

लांबवर पाणी चमकायला लागलं. कळप धावत सुटला, म्हातारा मागे पडला. अडखळला, पडला, उठला. हे म्हणाले, "मला नाही बघवत. संपलं की सांग," आणि डोळे मिटून घेतले. मी मात्र बघितलं. तो पुन्हा पडला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा पडला तो हनुवटी वर करून तसाच राहिला, पाण्याकडे तोंड करून. मग ते दातवाले आले. अख्ख्या थिएटरात हूं की चूं नव्हतं. मघाशी हसला होता तोही गप्प.

शेवटी नावं आली. त्यात पोराचं नाव आलं, तेवढ्याला ह्यांनी उजव्या हाताने मांडीवर थाप मारली. हॉल रिकामा झाला आणि आम्ही निघालो. बाहेर पडायच्या वाटेवर अख्खी भिंत आरशाची आहे हे मला कुठे ठाऊक होतं? वळलो आणि समोर आम्हीच. लेक, मी, आणि मध्ये हे, चालत येणारे.

हे जागच्या जागी थांबले. आरशातल्या माणसाकडे बघत राहिले. मग एक पाऊल टाकलं, मुद्दाम, सावकाश. डावा पाय गोल फिरून आला. पुन्हा थांबले. हनुवटी वर गेली आणि आरशातलीही वर गेली. ह्यांचा चेहरा असा पांढराफटक पडलेला मी हॉस्पिटलातही पाहिला नव्हता. झाडूवाला आमच्यासाठी खोळंबून उभा होता.

मग हे म्हणाले, "तो पोचला का गं पाण्यापर्यंत?"

मी आयुष्यात ह्यांच्याशी खोटं बोलले नाही. माझं एक घाव दोन तुकडे असतं, सगळ्यांना माहितीये. पण मी म्हटलं, "पोचला."

लेकीने मान खाली घातली. हे गाडीत बसले. घर आलं तेव्हा म्हणाले, "उद्या परत जाऊ. शेवट बघायचाय मला."

मी घरात गेल्या गेल्या दुसऱ्या खोलीचं दार लावून पोराला फोन केला आणि जे तोंड सुटलं ते सुटलं. बापाचा तमाशा मांडलास, असंही म्हटलं. मी दमले तेव्हा म्हणाला, "आई, मी नक्कल नाही केली गं. सिनेमावाले लंगडून दाखव म्हणाले, मी सतरा तऱ्हांनी लंगडून दाखवलं. सगळं नाटकी वाटतंय म्हणाले. एका संध्याकाळी मी दमून कपडे बदलायला निघालो होतो, तर सगळे ओरडले, हीच चाल, हीच, असाच चालत राहा. मी चाललो. कुणाची चाल आहे हे मला तेव्हा कळलंच नाही. सिनेमा पूर्ण झाल्यावर पडद्यावर पाहिला तेव्हा कळलं. मी बाहेर जाऊन ओकलो."

"म्हणून नका जाऊ म्हणालास?"

"मग कशासाठी म्हणणार?"

मी मटकन पलंगावर बसले. बापाची लाज वाटते म्हणून तो नको म्हणाला नव्हता. पोराच्या अंगात बाप शिरला होता आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. रडू आलं, पण आधी दुसरी काळजी होती. मी विचारलं, "तो पोचतो असं काही करता नाही का येणार?"

"आई," पोरगा म्हणाला, "तो मरतोच गं."

दुसऱ्या दिवशी हे माझ्याआधी तयार. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, दाराजवळच्या खुर्चीत बसून उजवा बूट स्वतः चढवलेला. वर्षभर ज्या माणसाला बाहेर काढायला मी जिवाचं रान केलं, तो निघाला होता, आणि निघाला होता तो माझ्या थापेवर. तिथे बसून उघड्या डोळ्यांनी बघणार, आणि मग पुन्हा कधी बाहेर पडणार नाही. माझ्याच्याने राहवेना.

"अहो," मी म्हटलं, "तो पोचत नाही. मी खोटं बोलले काल."

ह्यांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. मला वाटलं, आता उजवाही काढून ठेवतील.

"पडतो?"

"पडतो."

"उठतो का पण?"

"दोनदा उठतो. मग नाही."

हे खाली बघत राहिले. "ते पडणं आपल्या पोरानेच केलं असणार ना? खरोखरचं पडून?"

"त्यानेच."

"गुडघ्यांवर पडला असेल. लागलं असेल त्याला." मग हनुवटी किंचित वर झाली. "डावा बूट दे इकडे. आणि आज दिवे असतानाच आत जाऊ, काल अंधारात मला पायरी दिसली नाही."